घडघड नाना

नानांच्या छातीवर रोज एक नवं अक्षर असायचं. सकाळची प्रार्थना संपली की आम्ही वीस-बावीस पोरं हात पुढे धरून व्हरांड्याकडे धावायचो आणि नानांच्या जाकिटाला झोंबायचो. ते जाकीट त्यांनी स्वतःच शिवलेलं होतं. कापड शाळेच्या जुन्या पडद्याचं, पुढून दोन उभ्या ओळींत तीन-तीन काजं, आणि आतल्या अस्तरावर कोटाची सहा मोठी बटणं. ज्या काजातून बटण बाहेर काढलेलं तिथं टिंब, उरलेल्या जागा मोकळ्या. ब्रेलचं कुठलंही अक्षर अशा सहा जागांतच मावतं. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन आणि उजवीकडे चार, पाच, सहा. हे आम्हाला पुस्तकाच्याही आधी नानांच्या अंगावर समजलं.

नियम असा होता की टिंब सापडलं की ते दाबायचं आणि त्याचा नंबर मोठ्यानं सांगायचा. आता तीन आणि सहा नंबरची बटणं नेमकी पोटावर यायची आणि नानांना पोटाला भयंकर गुदगुल्या व्हायच्या. ‘क’ म्हणजे एक आणि तीन, तेव्हा ‘क’च्या दिवशी ते एकदा हसायचे. ‘ण’ला तीनही आहे आणि सहाही, त्या दिवशी ते किंचाळायचे. मागच्या पोरांचा हात पोचायच्या आधीच नुसत्या हसण्यावरून त्यांना अर्धं अक्षर कळलेलं असायचं. ‘अ’ला एकच टिंब, तेही वरचं, म्हणून ‘अ’च्या दिवशी नाना फौजदारासारखे गंभीर उभे राहत. सहाही टिंबांचा ‘ढ’ आला की ते आधीच भिंतीला टेकून बसायचे आणि म्हणायचे, "या लेकरांनो, घ्या जीव माझा."

नाना मूळचे शिंपी, चारठाण्याचे. आमची शाळा बोरीजवळ, अंध मुलांची निवासी शाळा. पत्र्याचे चार वर्ग आणि एक लांब व्हरांडा. नाना तिथं गणवेश शिवायला म्हणून दोन दिवसांसाठी आले होते. पहिल्या दिवशी मापं घेताना एका पोरानं वितींनी उलट त्यांचंच माप घेतलं आणि "नाना, तुमचं पोट पाच विती," असं जाहीर केलं. त्यावर नाना इतके हसले म्हणे की टेप हातातून पडली. दोन दिवसांचे आठ झाले, मग कुणाची चड्डी उसवली, कुणाचं दप्तर फाटलं. व्हरांड्यात ठेवलेली शिलाई मशीन काही परत चारठाण्याला गेली नाही. शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्यांना मदतनीस म्हणून ठेवूनच घेतलं.

बाई आत टिंबं शिकवत आणि नाना बाहेर मशीन चालवता चालवता ऐकत. एक दिवस ते आत आले आणि म्हणाले, "बाई, ह्ये तर काज-बटणाचं काम हाय. ह्ये मला येतंय." महिन्याभरात ते ब्रेल वाचू लागले. बोटांनी मात्र नाही, डोळ्यांनी. ते आम्हाला उघड सांगायचे, "मी लबाड हाय, बघून वाचतो. तुमचं काम इमानदारीचं." त्यांच्या अंगाला नव्या कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा वास असायचा आणि बोटात शिंप्याची लोखंडी टोपी, अंगुस्तान. कुणी लक्ष दिलं नाही की ते अंगुस्तान बाकावर टक्‌ करून वाजायचं.

मला तिथं माझ्या वडिलांनी एका जूनमध्ये आणून सोडलं. मी तेव्हा आठ वर्षांची. जन्मापासून मला दिसत नाही. गाव आमचं येलदरीच्या वरच्या अंगाला. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा आणि माय दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे आणि सहा महिने फडावरच राहायचे. त्या वर्षी माझा भाऊ तान्हा होता. आबांनी मोठ्या बाईंना आडपडदा न ठेवता सांगितलं, "बाई, दिवाळीपतूर बघतो. पोरीला वाचाया आलं तर राहू द्या. न्हाई तर संगं नेतो. लहान्याला झोळीत हलवायला डोळे कशाला लागतेत?"

आबा वाईट नव्हते. पोरगी शाळेत नुसतीच बसून राहणार असेल तर ती मायच्या नजरेखाली बसलेली बरी, असं त्यांना वाटत होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण एकदा फडावर गेलेली पोरगी पुन्हा पाटी-पुस्तकाकडे येत नाही, हे मोठ्या बाईंना माहीत होतं आणि मशीन थांबवून ऐकणाऱ्या नानांनाही. मला एवढंच समजलं की दिवाळीपर्यंत वाचायला यायलाच हवं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते. मी हुशार होते आणि आपण हुशार आहोत हे मला माहीत होतं. या दोन गोष्टी एका पोरीत एकत्र आल्या की तिचं वाटोळं व्हायला वेळ लागत नाही. एकदा ऐकलेलं मला पाठ व्हायचं. पहिलीचं पुस्तक मी महिन्यात अख्खं म्हणून दाखवत होते आणि बोटं ओळींवरून अशा ऐटीत फिरवत होते की पाहुण्यांनी तोंडात बोट घालावं. अक्षरं मात्र धड दहासुद्धा येत नव्हती. पहिलं अक्षर कसंबसं लागलं की पुढचा शब्द मी ठोकून द्यायचे. मोठ्या बाई फसल्या. नाना फसले नाहीत. कच्ची शिलाई त्यांना लांबून कळायची. ते शेजारी येऊन बसत, माझं बोट अक्षरावर दाबून धरत आणि म्हणत, "आधी हात, मंग जीभ. तुझी जीभ लय पुढं पळायलीय, लता."

माझ्या जिभेला काम उरू नये म्हणून मग त्यांनी मुके खेळ काढले. स्वयंपाकघरातले सहा पाट अंगणात दोन ओळींत मांडायचे. सहा पाटांवर सहा पोरं. नाना प्रत्येकाच्या कानात सांगणार, तू उभा राहा, तू बस. मग ज्याच्यावर डाव असेल त्यानं एकेकाच्या डोक्याला हात लावत जायचं. उभं पोर म्हणजे टिंब, बसलेलं म्हणजे मोकळी जागा. अक्षर ओळखून ते नानांच्या तळहातावर बोटानं टोचून दाखवायचं. मध्ये बोललं की बाद. मी इतक्या वेळा बाद झाले की शेवटी नानांनी मला तोंडात सुपारीचं खांड धरायला दिलं, "ह्ये पडलं तर बाद" असं सांगून.

एकदा त्या खेळात माझी जिवलग मैत्रीण कमल, जिची खाट माझ्या शेजारी होती, मला चिडून ‘ढ’ म्हणाली. मी हुंदके देत नानांकडे गेले. नानांनी सगळ्यांना गोळा केलं, सहाही पोरांना उभं केलं आणि विचारलं, "ह्ये कोण?" सगळे म्हणाले, ‘ढ.’ "मंग? ‘ढ’ होणं सोपं हाय का? समद्या अक्षरांत ह्यो एकटा भरलेला. सहाच्या सहा लागतेत. त्या ‘अ’ला बगा, एक टिंब घेऊन पहिल्या नंबरला जाऊन बसलाय." त्या दिवसापासून आमच्या शाळेत ‘ढ’ म्हणवून घेण्यासाठी भांडणं लागली. "बाई, मी ढ आहे, ही नाही," अशी तक्रार ऐकून बाहेरून आलेली माणसं चक्रावून जायची.

दुसरा खेळ चिंचोक्यांचा. नाना बोरीच्या बाजारातून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे मागून आणायचे आणि कात्रीनं त्यांचे सहा-सहा खड्ड्यांचे तुकडे करायचे. खड्ड्यात चिंचोका टाकला की टिंब झालं. प्रत्येकानं आपलं अक्षर मांडायचं आणि शेजारच्यानं ते चाचपून वाचायचं. अडचण अशी की चिंचोके भाजले की फार चांगले लागतात आणि चुलीजवळच्या शांतामावशी मायाळू होत्या. आमची अक्षरं भराभर कमी होऊ लागली. मी एकदा अख्खा ‘प’ खाल्ला, म्हणजे चार चिंचोके. नानांनी माझा रिकामा तुकडा हलवून पाहिला.

"लता, तुझा ‘प’ कुठं हाय?"

"पोटात."

"मंग बराबर हाय," नाना म्हणाले, "‘प’ पोटातलाच."

वाचणं असं हसतखेळत चाललं होतं, पण लिहिताना भलेभले रडकुंडीला यायचे. ब्रेलच्या पाटीत कागद अडकवून टोचणीनं टोचत जायचं; काना असो की उकार, तोही अक्षरानंतर वेगळं अक्षर म्हणून. टोचलेलं टिंब कागदाच्या पलीकडे वर येतं, म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे जायचं आणि प्रत्येक अक्षरही उलटं टोचायचं. कागद उलटला की सगळं सरळ. हे बाई समजावून थकल्या. नानांनी आम्हाला आपापला सदरा नाहीतर फ्रॉक काढायला लावला, आतून बाहेर केला आणि शिवणीवरून आमची बोटं फिरवली. "कापड शिवतेत कोणत्या अंगानं? उलट्या. आन घालतेत कोणत्या अंगानं? सुलट्या. बास, तेवढंच हाय." त्या दिवशी अर्धी शाळा उघडी बसली होती आणि सगळ्यांना लिहायचं कसं ते समजलं होतं.

त्यांचं स्वतःचं मात्र रोज चुकण्याच्या बेतात असायचं. जाकीट ते घालणार आणि वाचणार आम्ही समोरून, तेव्हा त्यांची उजवी बाजू ती आमची डावी. एकदा तपासणीला कुणी साहेब आले होते. नाना घाईत बटणं लावून पुढे झाले. साहेब म्हणाले, "अहो, निदान आज तरी बटणं नीट लावायची." नाना नम्रपणे म्हणाले, "साहेब, नीटच हायेत. आज ‘ज’ हाय." तेवढ्यात आमचे हात पोचले होते. आम्ही एका सुरात ओरडलो, "नाना, ‘ह’ हाय, ‘ह’!" ‘ज’ उलटा झाला की ‘ह’ होतो. नानांनी छाती चाचपली आणि साहेबांना हात जोडले, "तुमचंच खरं निघालं साहेब. बटणं चुकली."

दसरा झाला तरी माझं ठोकून देणं गेलं नव्हतं. अक्षरं एव्हाना सगळी येत होती, हे महत्त्वाचं. पण वाचण्यापेक्षा ओळखण्यात मला जास्त मजा वाटायची. एका दुपारी नानांनी दिलेल्या चिठ्ठीवर मी ‘क’ आणि ‘पा’पर्यंत गेले आणि दिमाखात म्हणाले, "कपाट." अंगुस्तान माझ्या कपाळावर टक्‌ करून वाजलं. "ह्ये कपाट हाय का?" नानांनी विचारलं. चिठ्ठीवर ‘कपाळ’ होतं. पोरं हसली, मीही हसले. नाना हसले नाहीत. "लता, येत असून वाचीना झालीस. न येणाऱ्याला शिकवता येतं. तुला काय करू?" एवढं बोलून ते मशीनवर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला त्यांचा फार राग आला. त्यांचं बरोबर आहे हे कळत होतं म्हणून जास्तच आला.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी आबा आले. माय तान्ह्याला घेऊन फाटकाशी थांबली होती. त्याच्या रडण्यावरून मला कळलं. मोठ्या बाईंनी अभिमानानं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. मी सुरुवात केली. आवाज खणखणीत, बोटं ऐटीत. चार ओळी झाल्या असतील. आबा पुढे आले, पुस्तक माझ्या हाताखालून काढून घेतलं, परत ठेवलं आणि म्हणाले, "हं, वाच." मी पाचवी ओळ म्हटली, सहावी म्हटली.

"बाई," आबा हळू आवाजात म्हणाले, "म्या पुस्तक उलटं ठिवलंय. तरी पोरगी वाचायलीच. पाठ केलंय तिनं, गाणं म्हणल्यावानी."

माझी बोटं जागच्या जागी थांबली. त्यांच्याखालची अक्षरं खरोखरच उलटी होती आणि मला पत्ताही नव्हता. मला सगळी अक्षरं येत होती, वाचता येत होतं, आणि ज्या एका दिवशी वाचायला हवं होतं त्याच दिवशी मी वाचलं नव्हतं. आबा चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "चल लता, कपडे घे तुझे."

मशीनचं पायडल थांबलं. नाना उठून आले. "थांबा पाव्हणं. एक डाव माझा." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे पसरला. "ह्ये एका नवख्या लेकरानं लिहिलंय. माझं नाव लिहिलंय, नाना. लता, वाच."

"आता नाव सांगूनच टाकलं," आबा म्हणाले, "मंग वाचायचं काय राह्यलं?"

"बगा तर."

माझा जीव भांड्यात पडला होता. सोपं होतं. माझी जीभ ‘ना’पर्यंत आलीच होती. मी बोट टेकवलं. ‘न’ म्हणजे एक, तीन, चार, पाच. बोटाखाली लागलं ते एक, दोन आणि सहा. मी बोट उचललं आणि परत टेकवलं. एक, दोन, सहा. हा तर ‘घ’. मला वाटलं, घाबरल्यामुळे बोटं बधिर झाली. पुढच्या अक्षरावर गेले. ‘ड’. पुन्हा ‘घ’. पुन्हा ‘ड’. मी दुसऱ्या हाताच्या बोटानं वाचून पाहिलं, तरी तेच. नाना इतके जवळ होते की त्यांचा श्वास माझ्या केसांना लागत होता, पण एक शब्द ते बोलले नाहीत. नाना म्हणून टाकावं की काय? सगळ्यांना तेच हवं होतं. मलाही तेच हवं होतं.

"घडघड," मी म्हणाले.

कमल फिस्सकन हसली आणि मग सगळाच व्हरांडा हसला. मोठ्या बाई कळवळून म्हणाल्या, "लता, अगं नाना लिहिलंय. सांगितलं ना त्यांनी? नीट वाच."

"न्हाई बाई. नाना न्हाई ह्ये. घडघड हाय." मला रडू फुटलं. "हाताला घडघडच लागायलंय, मी काय करू?"

बाईंनी कागद उचलला. थोडा वेळ कागदाची सळसळ ऐकू आली. "अरे देवा," त्या म्हणाल्या, "घडघडच आहे हे." मग नानांनी आबांना समजावलं. लिहिणाऱ्यानं उलटं टोचायचं ते सरळच टोचलं होतं. त्यामुळे कागद उलटल्यावर ‘न’चा ‘ड’ झाला, कान्याच्या ‘आ’चा ‘घ’ झाला, शब्दाचा शेवट पुढे आला आणि नानाचं घडघड झालं. आबांना त्यातलं किती समजलं कोण जाणे. त्यांनी एकच विचारलं, "म्हंजी तिनं वाचलं त्येच कागदावर हाय?"

"त्येच हाय."

आबा माझ्याजवळ आले. "तुमी नाना म्हणायलात, बाई नाना म्हणायल्या. समदे म्हणायले. तरी पोरीनं हाताला लागलेलं सोडलं न्हाई." मग माझ्या डोक्यावर त्यांचा खरखरीत हात आला. "ऱ्हा मंग," ते म्हणाले.

आणि मी काय केलं असेल? धावत फाटकाशी गेले, मायच्या लुगड्याला मिठी मारली आणि "मला तुझ्यासंगं यायचंय" म्हणून गळा काढला. माय रडता रडता हसत होती, तान्हा आमच्या दोघींच्या वरताण ओरडत होता. दिवाळी घरी झाली, पाडव्यानंतर आबांनी मला शाळेत परत आणून सोडलं आणि ते दोघं फडावर गेले. त्या दुपारी मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून होते. नानांनी त्या दिवशी कुठलाही खेळ काढला नाही. माझ्या शेजारी येऊन बसले आणि बराच वेळ नुसते बसून राहिले. मला ते फार बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यापासून मात्र शाळेत धुमाकूळ झाला. ज्याला त्याला आपलं उलटं नाव हवं होतं. लताची झाली ‘घूळ’. राम झाला ‘शघठ’. कमलची ‘ळशख’ झाली, आणि हे नाव तोंडानं घेता येत नाही म्हणून ती दोन दिवस जेवली नाही. काका हा शब्द ‘घखघख’ होतो हे कळल्यावर दूधवाल्या काकांची धडगत राहिली नाही. या सगळ्यांत टिकलं ते एकच नाव. "घडघड नाना" अशी हाक मारली की मशीनच्या आवाजावरून "ओ" यायची.

मी पुढे शिकले. आता पुण्याला ब्रेल पुस्तकांची मुद्रितं तपासते. छापण्याआधी प्रत्येक पान बोटांखालून घालायचं आणि चुका काढायच्या. तिथं काय असायला हवं याच्याशी मला देणंघेणं नाही. तिथं काय आहे ते वाचायचं, याचा मला पगार मिळतो. नव्यानं आलेल्या मुलींना मी शिकवते तेव्हा "आधी हात" हे माझ्या तोंडून निघून जातं आणि पुढचं वाक्य बोलताना माझा आवाज चारठाण्याचा होतो.

नाना गेल्या थंडीत गेले. कमलचा फोन आला. ती आता जिंतूरला असते, दोन मुलांची आई आहे. ती म्हणाली, "घूळ, घडघड गेले." त्या दोन वेड्या शब्दांवर मी कचेरीत मोठमोठ्यानं रडले. शेजारच्या माणसांना काय झालंय तेच समजेना आणि मला सांगता येईना.

त्याच्या दोनेक महिने आधी मी चारठाण्याला त्यांना भेटून आले होते. नाना थकले होते, बाजेवर पडून असायचे, पण गुदगुल्या शाबूत होत्या. ती खात्री मी आधी करून घेतली. चहा झाला. मग मी मनात बरीच वर्षं घोळत असलेली शंका काढली. चुका काढणं हाच माझा धंदा असल्यामुळे ती मला आली होती. नवखं लेकरू लिहायला चुकतं तेव्हा एखादं अक्षर सरळ टोचतं, एखादं उलटं, एखादं टिंब विसरतंच. त्या कागदावर चारही अक्षरं अगदी स्वच्छ, एकाच रीतीनं उलटी होती. इतकं नीट कुणी चुकत नाही.

"नाना, तो कागद कुणी लिहिला होता?"

बाज करकरली. नाना हसत होते. "म्याच."

"म्हणजे मुद्दाम?"

"मंग. सरळ ‘नाना’ लिहिलं असतं तर तू वाचलं असतंस का? जिभेनंच सांगून मोकळी झाली असतीस. तुझा बाप हुशार माणूस, त्यानं वळखलं असतं."

"आणि मी ‘नाना’ म्हणाले असते तर?"

"लय भ्यालो होतो गं," नाना म्हणाले. "कागद खिशात घातल्यापासून सुई ववता येईना."

मला एकदम त्यांचा रागच आला, तोच जुना, कपाट-कपाळाच्या दिवशीचा. माझं सगळं आयुष्य त्या चार अक्षरांवर टाकून हा माणूस गप्प उभा राहिला होता. मी म्हणाले, "नाना, आबांना कुठं ब्रेल येत होतं? सरळ कागद द्यायचा होता. मी काहीही बरळले असते आणि तुम्ही ‘बराबर वाचलं’ म्हणाला असतात, तर त्यांना काय कळणार होतं?"

नानांनी माझा हात शोधला आणि धरून ठेवला. त्यांची बोटं आता मऊ पडली होती.

"तुझ्या बापाला न्हाई कळलं असतं," ते म्हणाले. "तुला कळलं असतं."